हिरवी टिक आणि शून्य केबीच्या फायली

सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा मी ज्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो त्यातल्या चार गिऱ्हाइकांचे सर्व्हर पाण्यात बसले. दोघांकडे बॅकअप होता, पण तोही त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. तेव्हापासून बॅकअप गावाबाहेर ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. म्हणजे गळाला लागायला मी तयारच होतो.

पुढे इंटरनेटवरून बॅकअप ठेवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. कॉम्प्युटरमागे महिना १५० रुपये, जागा अनलिमिटेड, अट एकच: तीन वर्षांचे पैसे आधी. मी गिऱ्हाइकाला ४०० लावणार होतो, तेव्हा हाव सुटली नाही असं म्हणत नाही. २२ कॉम्प्युटरचे १,१८,८०० रुपये एका दमात पाठवले. डॅशबोर्ड मात्र देखणा होता. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे हिरवी टिक आणि रोज सकाळी सातला 'बॅकअप यशस्वी'चा मेल.

आता गणित बघा, जे मी तेव्हा केलं नाही. मुंबईतल्या सर्व्हरवर नावाजलेल्या कंपनीकडे जागा घेतली, तर एका जीबीला महिन्याला साधारण दोन रुपये पडतात. मार्केट यार्डातल्या माझ्या हळदीच्या अडतवाल्या शेठचा डेटा १८० जीबी, कारण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसोबत दहा वर्षांच्या पावत्या स्कॅन करून ठेवलेल्या. म्हणजे नुसत्या जागेचेच ३६० झाले. हा १५० ला कुठून देणार?

दुसरं गणित तर माझ्या धंद्यातलंच. शेठच्या इंटरनेट लाइनचा अपलोडचा, म्हणजे डेटा वर चढवायचा, वेग १० एमबीपीएस, म्हणजे तासाला जेमतेम साडेचार जीबी. १८० जीबी चढायला चाळीस तास लागतात. मी रात्री नऊला चालू करून घरी गेलो आणि सकाळी सातला मेल हजर: पहिला पूर्ण बॅकअप यशस्वी. मी काय केलं? तो मेल शेठना फॉरवर्ड केला, वर अंगठा लावून.

चौदा महिने असेच गेले. मग एका सोमवारी मुनीमजींचा फोन आला, "टॅली उघडंना, आणि फायलींना कसलं तरी शेपूट लागलंय." रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. यूएसबीला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्कही त्यानं सोडली नव्हती. मी शेठना म्हटलं, "काळजी करू नका, दुपारपर्यंत सगळं परत आणतो." ते वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

रिस्टोअर दाबलं आणि झिप उतरली. फोल्डरं बरोबर होती, टॅलीचं १०००५ नंबरचं फोल्डर जागेवर, फायलींची नावं, तारखा सगळं जसंच्या तसं. साइज मात्र शून्य केबी. एकूण एक फाइल. शेठ मागे उभे राहून बघत होते. मी उगाच दोनदा रिफ्रेश केलं.

राउटरचा हिशेब नंतर काढला. अख्ख्या महिन्यात त्या ऑफिसातून बाहेर गेलेला डेटा ६ जीबी. हे मला कुठल्याही दिवशी दोन मिनिटांत दिसलं असतं. बाकीच्या गिऱ्हाइकांचं तपासलं, तिथंही तेच. कंपनीनं आधी 'तिकीट घेतलंय' सांगितलं, मग फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन वर्ष उलटलेलं, आता गोठवणार काय? ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर वकील म्हणाले, सेवा पुढे विकायला घेतली होती, कायद्याच्या व्याख्येत तुम्ही ग्राहक बसत नाही.

शेठचं नशीब, की सीएकडे मार्चअखेरचा टॅली बॅकअप पेनड्राइव्हवर होता. पुढची विक्रीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवरून काढली आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या कार्बन कॉपीवरून पुन्हा चढवल्या. दोन मुलं सहा आठवडे बसली, त्यांचा पगार मी दिला. स्कॅन केलेल्या पावत्या गेल्या त्या गेल्याच.

आता जागेचं खातं गिऱ्हाइकाच्या नावावर आणि बिलही त्याच्याच कार्डावर. मी फक्त सेटिंग आणि देखरेखीचे पैसे घेतो. एन्क्रिप्शनची किल्ली, म्हणजे कुलूपबंद डेटा उघडायचा पासवर्ड, कागदावर छापून त्यांच्या तिजोरीत. कॉपी अशा जागी जाते, की तीस दिवस मलासुद्धा पुसता येत नाही, म्हणजे माझाच पासवर्ड चोरीला गेला तरी ती शाबूत राहील. तुम्हाला कोणी डॅशबोर्ड दाखवायला आला, तर त्याला तुमच्या मनातली एक जुनी फाइल परत आणून तुमच्यासमोर उघडायला लावा. तो निवडेल ती नव्हे.

शेठनी मला काढलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी जातो, ते एखादी पावती सांगतात आणि ती उघडेपर्यंत चहाला हात लावत नाहीत. मुनीमजींनी मात्र रोजची रोकड पुन्हा वहीत उतरवायला घेतली आहे. मी समोर असलो की ती वही जरा मुद्दामच उघडी ठेवतात.