जीटी८६ चा कस्टम इनटेक: हिवाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

टोयोटा जीटी८६ घेतलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत वाटायला लागतं की या गाडीला अजून थोडी ताकद हवी होती. मग कुणीतरी सांगतं, ‘आधी इनटेक (इंजिनापर्यंत हवा नेणारी वाट) बदल.’ मीही बदलला. पण दुकानातला तयार किट न घेता माझ्या गाडीच्या मापाने भाग बनवून घेतले आणि गेल्या हिवाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत गाडी त्यावरच चालवतोय. मी कॉव्हेंट्रीत राहतो. रोजचं ऑफिस, एम६ वरची ट्रॅफिक, सुट्टीच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टमधले वळणांचे रस्ते आणि अधूनमधून मॅलरी पार्कला ट्रॅक डे (रेसट्रॅकवर स्वतःची गाडी पळवण्याचा दिवस), असा वापर आहे. या भागात पुण्याहून आलेले वाहन क्षेत्रातले बरेच जण आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. भाग उत्तम आहेत, मी ते काढणार नाही. पण लोक ज्या कारणासाठी इनटेक घेतात, त्या कारणासाठी ते घेऊ नका.

या गाडीचं इंजिन सुबारूचं, चार सिलिंडरचं बॉक्सर (सिलिंडर समोरासमोर आडवे), १९९८ सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिलिमीटर, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १२.५ ला १. ताकद २०० पीएस, तीही ७००० आरपीएमला, आणि २०५ न्यूटन-मीटर टॉर्क ६४०० च्या वर गेल्यावर. टर्बो नाही, त्यामुळे हवा आत ढकलणारं कुणी नाही. वातावरणाचा दाब जेवढी ढकलेल तेवढीच जाते. ७००० आरपीएमला सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं, तर हे इंजिन मिनिटाला साधारण ७००० लिटर हवा ओढतं.

आता हिशेब बघा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. बंपरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतच्या) वाटेत एक किलोपास्कल गळला, तर जवळजवळ एक टक्का हवा कमी, म्हणजे सुमारे दोन हॉर्सपॉवर गेली. माझ्या गाडीत थ्रॉटल बॉडीच्या आधी छोटा प्रेशर सेन्सर लावून बघितलं, तेव्हा कंपनीच्या एअरबॉक्सवर (फिल्टरच्या मूळ पेटीवर) ७००० ला अडीच किलोपास्कलच्या आसपास घट दिसली. म्हणजे हवेची वाट अगदी आदर्श केली, शून्य अडथळ्याची, तरी हातात येणार पाच हॉर्सपॉवर. फक्त इनटेकवर वीस हॉर्सपॉवर वाढतात असं कुणी या गाडीबाबत सांगत असेल, तर त्याला हा गुणाकार करून दाखवा.

मी बनवून घेतलेले भाग तीन. हवा आत घेणारं समोरचं तोंड, फिल्टरची बंद पेटी आणि मास एअरफ्लो सेन्सरची (मॅफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा) ॲल्युमिनियमची नळी. नळी आणि थ्रॉटल बॉडी यांना जोडायला जाड सिलिकॉनचा होज. जवळच्या एका छोट्या वर्कशॉपने बॉनेटखालची जागा स्कॅन करून डिझाइन केलं आणि तोंड व पेटी एएसए प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केली. प्लॅस्टिक कुठलं हे नक्की विचारा. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, पीईटीजी ऐंशीच्या आसपास. उन्हाळ्यात ट्रॅकवरून येऊन इंजिन बंद केलं की बॉनेटखाली जी उष्णता साचते, त्यात हे दोन्ही वाकतात. एएसए शंभरापर्यंत टिकतं. माझी पेटी अजून जशीच्या तशी आहे, झाकण पहिल्या दिवसाइतकंच घट्ट बसतं.

तोंडाचा आकार ही पैसे वसूल करणारी गोष्ट निघाली. नळीचं टोक सरळ कापलेलं, धारदार आणि पोकळीत पुढे आलेलं असेल, तर हवा आत वळताना कडेपासून सुटते आणि भोवरे तयार होतात. अशा तोंडाचा लॉस कोइफिशंट (दाब किती वाया जातो याचं माप) ०.८ च्या आसपास असतो. कडेला नीट गोलाई दिली की तोच ०.०५ वर येतो. यात महाग काहीच नाही, फक्त आकार. दुकानातल्या चकचकीत किटमध्येही अनेकदा ही कड कापून तशीच सोडलेली दिसते, आणि मला ते खरोखर खटकतं.

आता मॅफ सेन्सरची नळी. हे नीट समजून घ्या, कारण लोकांची इंजिनं इथे बिघडतात. सेन्सर आतून जाणारी सगळी हवा मोजत नाही. नळीच्या एका ठिकाणी तापलेली तार असते, हवा तिला किती थंड करते त्यावरून तिथला प्रवाह कळतो आणि नळीचा आकार ठाऊक आहे असं धरून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) बाकीचा हिशेब करतो. नळीचा आतला व्यास पाच टक्क्यांनी वाढवला तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता सावकाश जाते, सेन्सर ती सुमारे नऊ टक्के कमी सांगतो आणि ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू फ्युएल ट्रिम (पेट्रोलची दुरुस्ती) वाढवतो आणि वेळ निभावून नेतो. फार झालं तर मिश्रण लीन असल्याचा पी०१७१ कोड येतो, दिवा लागतो. पण पूर्ण थ्रॉटलला, जिथे मिश्रण अचूक हवं तिथे, तो बराचसा साठवलेल्या आकड्यांवर चालतो. १२.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला लीन मिश्रण म्हणजे नॉकिंगला (मिश्रण अवेळी पेटून इंजिनाला धक्के बसण्याला) आमंत्रण.

म्हणून आतला व्यास कंपनीच्या नळीइतकाच ठेवायला सांगितला, सेन्सरच्या आधी सरळ लांबी शक्य तेवढी ठेवली आणि आत प्रवाह सरळ करणारी जाळी बसवली. वळण सेन्सरच्या अगदी जवळ असेल तर हवा एका बाजूला रेटली जाते आणि रीडिंग थरथरतं. बसवल्यावर काही आठवडे ओबीडी (गाडीचे आकडे वाचणारं उपकरण) लावून ट्रिम बघत होतो. लाँग टर्म ट्रिम दोन-तीन टक्क्यांच्या आत स्थिरावला. त्यानंतरच रिमॅप (ईसीयूमधले साठवलेले आकडे बदलणं) करायला गेलो. मोठ्या व्यासाची नळी घ्यायचीच असेल तर मॅफचं कॅलिब्रेशन नव्याने करून घेतल्याशिवाय गाडी जोरात चालवू नका. हे मी कळकळीने सांगतोय.

फिल्टर कोरडा पॅनेल घेतला, तेलाचा कॉटन नाही. कॉटनला तेल जास्त झालं की ते त्या तारेवर बसतं आणि रीडिंग हळूहळू बिघडत जातं, इतकं हळू की चालवणाऱ्याला कळत नाही.

उष्णतेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण रोजच्या वापरात सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे. हवा साधारण तीन अंश तापली की एक टक्का विरळ होते. एका मित्राच्या जीटी८६ ला बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर आहे. पंचवीस अंशांच्या दुपारी एम६ वर आम्ही मागेपुढे अडकलो होतो, तेव्हा त्याच्या गाडीत इनटेकचं तापमान साठपर्यंत गेलं. माझ्या बंद पेटीत ते चाळिशीच्या आसपास राहिलं. वीस अंशांचा फरक म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त हवा, आणि शिवाय गरम हवा बघून ईसीयू इग्निशन टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे घेतो ते वेगळंच. ट्रॅफिक सुटल्यावर उघड्या फिल्टरची गाडी पहिली काही मिनिटं मरगळलेली वाटते, त्यामागे हेच आहे. मात्र कंपनीचा एअरबॉक्सही इथे वाईट नव्हता. तो पुढून, रेडिएटरच्या वरच्या अंगाने थंड हवा घेतो आणि मोकळ्या रस्त्यावर बाहेरच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशच वर असतो. टोयोटा-सुबारूच्या माणसांनी तो विचार करूनच बनवला आहे. घाईने काढून फेकण्याची वस्तू नाही ती.

डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र, म्हणजेच रोलिंग रोड) आधी आणि नंतर, त्याच रोलिंग रोडवर, तेच ९९ ऑक्टेन पेट्रोल भरून मोजलं. फक्त भाग बदलल्यावर चाकांवर तीन-चार हॉर्सपॉवर वाढले, तेही ६००० च्या वर. डायनोचा स्वतःचा चढउतार एक-दोन टक्के असतो, त्यामुळे एवढ्याच आकड्यावर मी विश्वास ठेवला नसता. पण प्रेशर सेन्सरवरची घट अडीचवरून सव्वा किलोपास्कलवर आलेली होती आणि हिशेबाने येणारे सुमारे अडीच हॉर्सपॉवर त्याच्या जवळपासच आहेत. रिमॅपनंतर एकूण वाढ दहाच्या पुढे गेली, पण ते श्रेय मुख्यतः टायमिंगचं.

रस्त्यावर जाणवतं ते वेगळंच. तिसऱ्या गिअरमध्ये ५५०० नंतर गाडी पूर्वी थोडी धापा टाकायची, आता ७४०० पर्यंत तशीच ओढत राहते. थ्रॉटल हलका सोडून परत दाबला की प्रतिसाद जास्त नेमका मिळतो. वळणातून बाहेर पडताना यामुळे जो विश्वास वाटतो, त्यासाठीच हा खर्च मला पटला.

आणि ३५०० ते ४५०० आरपीएममध्ये या गाडीचा टॉर्क घसरतो, तो खड्डा? आहे तिथेच आहे. इनटेकने तो भरत नाही. त्याची मुळं एक्झॉस्ट हेडर (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि कॅम टायमिंग (झडपा उघडण्याची वेळ) यांच्या जुळणीत आहेत. याच गाडीच्या पुढच्या पिढीत, २.४ लिटरच्या जीआर८६ मध्ये कंपनीने तो भरून काढला, २५० न्यूटन-मीटर तिथे ३७०० लाच मिळतो.

आवाज सुंदर झालाय. मूळ गाडीत इनटेकचा आवाज केबिनपर्यंत नेणारी नळी असते, ती मी ठेवली. ४००० नंतर खोल, कोरडा घोगरेपणा येतो. मोटरवेवर एका वेगाने जाताना काहीच त्रास नाही, कारण पेटीत रेझोनेटरची (घुमणारा आवाज दाबणारी) पोकळी ठेवायला सांगितली होती. ती काढून टाकणारे लोक नंतर २५०० च्या आसपासच्या घुमण्याबद्दल तक्रार करतात.

टिकाऊपणात एकच गोष्ट लक्ष ठेवण्यासारखी: पहिल्या थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत सिलिकॉन होजचे क्लॅम्प ढिले पडतात. मॅफ आणि इंजिन यांच्यामध्ये जरा जरी गळती झाली तर न मोजलेली हवा आत जाते. महिनाभराने एकदा आवळले, तेव्हापासून हलले नाहीत. एमओटीत (ब्रिटनमधली वार्षिक वाहन तपासणी) गाडी उत्सर्जनाच्या चाचणीत सहज पास झाली. विमा कंपनीला बदल कळवला, हप्ता थोडासा वाढला. इंग्लंडमध्ये हे कळवणं टाळू नका, अपघात झाल्यावर पॉलिसीच रद्द होऊ शकते. भागांना साडेपाचशे पौंडांच्या आसपास लागले, रिमॅपचे वेगळे.

पुण्यातल्या मित्रांनी त्यांच्या गाड्यांसाठी असंच करावं का, असं विचारलं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाबच साधारण सहा टक्के कमी. माझ्या इनटेकने जेवढं मिळवून दिलं त्याच्या तिपटीहून जास्त टर्बो नसलेलं इंजिन तिथे नुसत्या उंचीमुळे गमावतं. टर्बोची गाडी असेल तर प्रश्न निराळा, तिथे टर्बो ती उणीव बरीच भरून काढतो आणि रिमॅपला जास्त वाव असतो. दोन गोष्टी मात्र कुठल्याही गाडीला लागू आहेत. आपल्याकडच्या धुळीत गाळणक्षमता कमी असलेला ‘हाय फ्लो’ फिल्टर लावू नका, बारीक धूळ सिलिंडरच्या भिंती खाते. आणि हवेचं तोंड बंपरच्या खालच्या जाळीत नेऊ नका. मुंबईच्या जुलैत गुडघाभर पाण्यातून गाडी काढताना इंजिनाने पाणी ओढलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं तोंड मूळ उंचीवरच आहे, इथल्या तुंबलेल्या गल्ल्यांसाठीसुद्धा तेच बरं.

पुढचं काम हेडरचं. समान लांबीचा घ्यायचा की असमान, हे अजून ठरलं नाही. असमान लांबीचा सुबारूचा तो ओळखीचा गुरगुराट देतो, पण मला खड्डा भरायचा आहे, त्यामुळे मन समान लांबीकडे झुकतंय. तो बसवल्यावर मॅफचं कॅलिब्रेशन परत तपासून घेईन आणि त्याच रोलिंग रोडवर आकडे काढून इथेच टाकीन.