गुंतवणूक सल्लागाराकडची जोखीम-तपासणी : आमचा अनुभव

निवृत्तीला दहा वर्षे उरली म्हणून आम्ही उभयतांनी गेल्या महिन्यात एका नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराची सेवा घेतली. फी आधीच स्पष्ट सांगितली गेली, आणि एक्झिट लोडपासून (फंडातून लवकर पैसे काढल्यास कापली जाणारी रक्कम) रिस्कोमीटरच्या (फंडाची जोखीम दाखवणाऱ्या मापकाच्या) सहा पातळ्यांपर्यंत सारे काही त्यांनी घाई न करता समजावून दिले. माझी तक्रार आहे ती जोखीम ठरवण्याच्या पद्धतीबद्दल.

त्यांनी भरायला दिलेल्या प्रश्नावलीत 'बाजार २० टक्क्यांनी पडला तर काय कराल?' या प्रश्नापुढे यजमानांनी क्षणात 'आणखी खरेदी करू' यावर खूण केली, तर मी थोडा विचार करून 'थांबू' यावर केली. तेवढ्यावरून ते 'आक्रमक' ठरले आणि मी 'सावध'. माझे पैसे मुदत ठेवींत आणि डेट फंडांत (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांत) ठेवावेत, 'बायकांना तेच बरे वाटते', असे सल्लागार यजमानांकडे पाहत म्हणाले, याचे मला फार वाईट वाटले. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला, त्या आठवड्यात यजमानांनी आपली म्युच्युअल फंडांची निम्मी युनिट्स विकून टाकली होती. माझी ५,००० रुपयांची एसआयपी (ठरावीक रकमेची नियमित गुंतवणूक) मात्र एकही हप्ता न चुकता चालू राहिली. दोघांची स्टेटमेंट्स माझ्या पिशवीत होती, पण ती कोणी मागितलीच नाहीत.

स्त्रिया सरासरीने कमी जोखीम पत्करतात असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, हे मला मान्य आहे. परंतु बार्बर आणि ओडीन या संशोधकांनी अमेरिकेतील ३५,००० हून अधिक कुटुंबांची ब्रोकरेज खाती तपासून २००१ मध्ये दाखवून दिले की, पुरुषांची खरेदी-विक्री स्त्रियांपेक्षा ४५ टक्के अधिक होती आणि तिच्यापायी त्यांचा वार्षिक परतावा २.६५ टक्क्यांनी घटला, स्त्रियांचा १.७२ टक्क्यांनी. फाजील आत्मविश्वास हे त्यांनी दिलेले कारण या प्रश्नावलीत धाडस म्हणून मोजले जाते. सेबी या बाजार नियामक संस्थेच्या २०१३ च्या नियमांनुसार सल्लागाराने ग्राहकाच्या जोखीम घेण्याच्या तयारीबरोबरच तोटा सोसण्याची क्षमताही तपासायची असते, आणि आमच्या घरात ठरावीक पगार माझा आहे, यजमानांचे उत्पन्न दुकानाच्या हंगामावर अवलंबून असते.

हे सारे मी लेखी कळवल्यावर त्यांनी जादा फी न घेता दुसरी बैठक दिली, स्टेटमेंट्स पाहिली आणि माझ्या आराखड्यात इक्विटीचा (शेअर्समधील गुंतवणुकीचा) वाटा वाढवला. त्यामुळे ही सेवा घ्यावी असेच मी म्हणेन. फक्त जोडीने जाणाऱ्यांनी प्रश्नावली वेगवेगळी बसून भरावी आणि जुनी स्टेटमेंट्स आपणहून टेबलावर ठेवावीत.