आमच्या बाजारात आलेले कातडीच्या रंगाचे दुकान

पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात, साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी, भाजीच्या रांगेत एक पाल असे लागले होते की त्यात विकायला माल काहीच नव्हता. नागपूरच्या चार तरुण कलावंतांना आमच्या वाचनालयाने बोलावले होते. प्रवासखर्च, दोन वेळचे जेवण आणि जमेल तेवढे मानधन एवढ्यावर ते गावोगावी येतात. ज्या शाळांना, मंडळांना किंवा ग्रामपंचायतींना त्यांना बोलवावेसे वाटेल, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. म्हणून जे पटले तेही आणि जे मनाला लागले तेही लिहितो.

पालात एक तराजू, एक खतावणी, एक सूप आणि भावफलक होता. गोरा रंग 1,000 रुपये पाव, गहूवर्णी 500, सावळा 50 आणि काळा फुकट, असे त्यावर खडूने लिहिले होते. लोक आधी हसले, मग कोणीतरी विचारलेच, ‘‘हा भाव कोणं ठरवला?’’ गल्ल्यावरच्या मुलाने उत्तर दिले नाही. त्याने खतावणी उघडली आणि अगदी अदबीने उलट विचारले, ‘‘तुमीच सांगा ना काका, सून पाहाले गेलते तवा पयले काय पाहालं?’’ गिऱ्हाईक जे बोलेल ते तो ‘भावाचे कारण’ या रकान्यात शब्दशः लिहून घेई, मोठ्याने वाचून दाखवी, खाली सही किंवा अंगठा मागे आणि त्या कारणाप्रमाणे फलकावरचा भाव पुसून नवा लिही. तीन तासांत गोऱ्या रंगाचा भाव 1,000 वरून 4,000 वर गेला, आणि तो कलावंतांनी नव्हे तर आमच्याच गावकऱ्यांनी नेला. या खेळाचे खरे बळ मला इथे दिसले. भाषण ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. पण स्वतःचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, चारचौघांत, सहीसाठी समोर आले की ते आपले आहे की नाही हे त्याला ठरवावेच लागते. दोघांनी सही करण्याआधी वाक्य बदलून घेतले. एकाने ते खोडायलाच लावले आणि मग बराच वेळ तिथेच उभा राहिला.

सूप बायांसाठी होते. रंगावरून आपल्याला कोणी काही बोलले असेल तर ते चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, त्यात टाकायचे. लिहिता येत नसेल तर गटातली मुलगी कानाशी ऐकून लिहून घेई. रोवणी नुकतीच आटोपली होती, महिनाभर चिखलात वाकून उन्हाने रापलेल्या बाया बाजाराला आल्या होत्या. सूप दुपारपर्यंत भरले. वाचलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक मला विसरता येत नाही: ‘‘लेक झाली तवा सासूनं पयले तिचे कान पाहाले, कान काळे हायेत म्हने.’’ ती वाचली तेव्हा बाजाराच्या त्या कोपऱ्यात कोणी हसले नाही. किराणा दुकानदाराची पत्नी एवढेच म्हणाली की 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, तरी गिऱ्हाईक अजून जुन्याच नावाने मागते.

आता जे चुकले ते. पालात रंगांच्या पट्ट्यांचा एक पुठ्ठाही होता आणि येणाऱ्याच्या हाताशी तो जुळवून त्याची ‘किंमत’ सांगितली जात होती. नववीतल्या एका मुलीला पुढे बोलावून शेवटची पट्टी तिच्या मनगटाशी धरली गेली आणि ‘‘फुकट!’’ असा पुकारा झाला. गर्दी हसली, आणि ते हसू भावफलकावर नव्हते, त्या मुलीवर होते. तिच्या आईने सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या तशाच टाकून तिला ओढून नेले. गटातले दोघे मागून क्षमा मागायला गेले, मीही गेलो, कारण बोलावणारे आम्हीच होतो. आईने आम्हाला दारात उभे ठेवून विचारले, ‘‘घरी थे रोजच आयकते. बाजारात आयकाले तुमी आनलं का?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते.

या एका प्रसंगामुळे मला उपहासाचा हा सगळा प्रकार पुन्हा तपासून पाहावासा वाटला. अमेरिकेत वंशभेदावर अशा रीतीने काम करणाऱ्या कलावंतांपैकी दोघींचे काम इथे आठवते. एड्रियन पायपर या कृष्णवर्णीय, पण दिसायला गोऱ्या वाटणाऱ्या कलावतीने 1986 पासून छापील कार्डे जवळ बाळगली. तिच्या देखत कोणी काळ्या लोकांविषयी हिणकस बोलले की ती ते कार्ड त्या बोलणाऱ्याच्या हातात देई, आणि त्यात ती स्वतः काळी असल्याचे लिहिलेले असे. दमाली आयो हिने 2003 मध्ये काळ्या माणसाची सोबत भाड्याने देण्याचा आव आणणारे संकेतस्थळ काढले. त्यात उघडा पडत होता तो भाड्याने घेऊ पाहणारा. दोन्हीकडे अवघडण्याची पाळी बोलणाऱ्यावर येते. आमच्या बाजारातली खतावणी त्याच जातीची होती, पुठ्ठा मात्र नेमका उलटा होता. आणि यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आमच्याच विदर्भातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्नावर प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. त्यांचा टोला कर्ज काढून सण करणाऱ्याला, शिवाशिव पाळणाऱ्याला बसे, गांजलेल्याला कधी नाही.

दुसरी उणीव अशी की हे दुकान रंगाशी थांबले. आमच्याकडे रंगाचे बोलणे फार वेळ रंगाचे राहत नाही. एका वृद्ध गृहस्थांनी ‘‘रंगावरून जात समजते’’ असे ठासून सांगितले, गल्ल्यावरच्या मुलाने तेही लिहून घेतले, पण त्यापुढे काय विचारावे याची त्याची तयारी नव्हती. वाचनालयात नेहमी येणारा एक तरुण तेव्हा पुढे झाला. बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात दाखवून दिले आहे की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि तिथला अस्पृश्य मानला गेलेला परया वंशाने एकच आहेत, आणि जात म्हणजे वंश नव्हे. त्याने हे आमच्याच बोलीत, आवाज न चढवता सांगितले. दिवसातली सर्वांत सकस चर्चा ती झाली आणि ती योजनेत नव्हती. पाल गुंडाळताना सातवीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘मंग मारबत काळीच काऊन?’’ नागपूरची काळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळला जाणारा पुतळा, 1881 पासून निघते आणि 1885 पासून पिवळीही निघते, हे मी त्याला सांगितले. पण पिवळीला लोक भक्तीने हात जोडतात आणि काळीला इडा-पिडा घेऊन जायला सांगतात, हेही त्याला ठाऊक होते. त्याचा प्रश्न खतावणीच्या शेवटच्या पानावर तसाच लिहिलेला आहे.

धान निघाल्यावर आम्ही त्यांना पुन्हा बोलावले आहे. पुठ्ठा आणायचा नाही, अठरा वर्षांखालच्या कोणालाही पुढे बोलवायचे नाही आणि खतावणीत जातीचा रकाना घालायचा, या तीन अटी कळवल्या. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसऱ्यासाठी त्यांनी आधी दोन दिवस गावात मुक्कामाला येऊन लोकांशी बोलण्याची परवानगी मागितली आहे, आणि वाचनालयाची वरची खोली आम्ही त्यांच्यासाठी रिकामी करत आहोत.