ब्रह्महृदयातले दोन राक्षस

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास, भेळ खाऊन झाली की रंकाळ्याच्या काठावरून उत्तरेला उंच बघा. दिव्यांच्या उजेडातही ब्रह्महृदय हा तारा पिवळसर झळकतो. तो एक नव्हे, दोन राक्षसी तारे आहेत. सुमारे ४३ प्रकाशवर्षांवर, १०४ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. दोघंही वजनाला सूर्याच्या अडीचपट. थोरला सूर्याच्या १२ पट रुंद, पण थंड, ५,००० केल्विनच्या आसपास. धाकटा जेमतेम ९ पट, पण ५,७०० केल्विन, म्हणून उजेडात जवळपास बरोबरीला! किंचित जड असल्यानं थोरला आयुष्यात पुढे गेला, त्याच्या गाभ्यात आता हेलियम जळतोय. धाकट्याची ती वेळ अजून यायचीय. मला धाकटाच जास्त खुणावतो. हेलियम पेटण्याआधीच्या, इतक्या झटपट सरणाऱ्या अवस्थेतला तारा क्वचितच सापडतो.