डीडी फ्री डिश आणि तालुक्याच्या दुकानातील बसवणी : अँटेना उतरवणाऱ्या घरांसाठी परीक्षण

विदर्भातील खेड्यांमध्ये आजही अनेक घरांच्या कवेलूंवर ॲल्युमिनियमचे जुने अँटेना उभे दिसतात. मात्र त्यांच्यासाठी हवेत आता काही उरलेले नाही. दूरदर्शनने जमिनीवरील आपले ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता हे काम देशभर पूर्ण झाले. केबलच्या बाबतीत ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणाकडून डिजिटलकडे जाण्याचा बदल त्याआधीच सुरू झाला होता. २०११ मध्ये केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्यासाठी केबल टेलिव्हिजनच्या कायद्यात दुरुस्ती झाली, दुसऱ्या टप्प्यात नागपूरला ३१ मार्च २०१३ ही मुदत मिळाली आणि ज्या चौथ्या टप्प्यात आपली खेडी येत होती, त्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. तरीही ज्यांचा टीव्ही केवळ अँटेनावर चालत होता, किंवा ज्यांच्या गावातील केबलवाल्याने डिजिटलचा खर्च न पेलल्याने धंदाच गुंडाळला, अशी घरे मध्येच राहून गेली. त्यांच्यासाठी डीडी फ्री डिशचा संच कसा आहे आणि तालुक्याच्या दुकानातून तो बसवून घेताना काय पाहावे, हे येथे लिहीत आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील घरी हा संच बसवलेला असून त्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाले आहेत.

फ्री डिश ही दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची, उपग्रहावरून थेट घरी वाहिन्या देणारी सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही, रिचार्ज नाही; एकदा साहित्य घेतले की पुढे वाहिन्यांसाठी पैसे भरावे लागत नाहीत. डिश, एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), सेट टॉप बॉक्स, वायर आणि मजुरी धरून आम्हाला सुमारे २,००० रुपये लागले. तुलनेसाठी सांगायचे, तर २०१९ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांत खासगी डीटीएच व केबलच्या निव्वळ जोडणी शुल्काची कमाल मर्यादाच दरमहा १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, अशी होती. त्या दराने वर्षाला १,८४० रुपये होतात आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याहून वेगळे. ज्या घरात सोयाबीन आणि कापूस विकल्यावरच पैसा हाती येतो, त्या घराला ऐन जून-जुलैत, बियाणे आणि खताच्या खर्चाच्या वेळी, रिचार्ज संपल्याची सूचना पडद्यावर पाहावी लागते. फ्री डिशमुळे हा प्रश्न मिटतो आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

संचातील सर्वांत महाग वस्तू बॉक्स असली, तरी संच नीट चालणार की नाही हे बसवणाऱ्याच्या हातावर ठरते. ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून हे प्रक्षेपण होते, तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून पाहिले, तर तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. पुन्हा, या छोट्या डिशची रचना अशी असते की, ती प्रत्यक्षात जितकी वर पाहते, त्यापेक्षा बरीच खाली पाहत असल्यासारखी दिसते. त्यामुळे नुसत्या नजरेच्या अंदाजाने ती जुळत नाही आणि समोर झाड आड येते की नाही हेही सहज कळत नाही.

दुकानाने पाठवलेला कारागीर वयाने लहान, पण कामात पक्का होता. मी दाखवलेली जागा पाहून त्याने मोबाइलवरील होकायंत्र काढले, दोनदा वर पाहिले आणि म्हणाला, "काकाजी, इथं नका लावू. लिंबाची फांदी आडवी येऊन राहिली. आता पानं नाहीत, पण पालवी फुटली का सिग्नल जाते तुमचा." त्याने स्लॅबचे दुसरे टोक निवडले. डिशचा पाय काँक्रीटमध्ये बोल्टने घट्ट केल्यावर त्याने टीव्ही दारापर्यंत ओढून घेतला, म्हणजे वरून वाकून त्याला पडदा दिसावा. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. सिग्नलच्या ताकदीची पट्टी सुरुवातीपासूनच भरलेली होती, गुणवत्तेची मात्र शून्यावर. पहिली पट्टी केवळ वायर आणि एलएनबी जिवंत असल्याचे सांगते, डिश योग्य उपग्रहाकडे वळली आहे हे दुसरीच सांगते; अनेक घरांत अर्धवट जुळवणी करून जाणारे कारागीर पहिल्या पट्टीवर बोट ठेवून मोकळे होतात. याने डिश बोटभर सरकवली, थांबला, पुन्हा बोटभर सरकवली आणि गुणवत्तेचा आकडा एकदम वर आला. त्यानंतर एलएनबी तिच्या कड्यात किंचित फिरवून त्याने तो आणखी वाढवला. नट मात्र त्याने एकदम आवळले नाहीत. आळीपाळीने थोडे थोडे आवळत तो प्रत्येक वेळी पडद्याकडे पाहत होता, कारण आवळताना डिश सरकते. शेवटी खांब आणि त्यावर डिश धरून ठेवणारे कडे यांवर त्याने मार्करने एक सरळ रेघ ओढली. पुढे वाऱ्याने डिश फिरली, तर रेघ तुटलेली दिसेल आणि डिश आधी कुठे होती हे घरच्या माणसालाही कळेल. सगळ्या खरेदीत मला सर्वाधिक मोलाची वाटलेली गोष्ट ती रेघ आहे.

ज्यांच्या घरावर स्लॅब नाही, त्यांनी डिश टिनावर बसवू नये. वादळात टिन थरथरते आणि त्यासोबत डिशही. भिंतीलगत जमिनीत सिमेंटने गाडलेला जाड लोखंडी पाइप हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. जुन्या अँटेनाचा पाइप पुरेसा जाड व ओळंब्यात असेल, तर तोही चालतो. आपल्याकडे वानरांची टोळी छतावरून गेली की डिशला धक्का बसतोच. शेजारच्या वस्तीत काही घरांनी डिशभोवती बोरीच्या काट्या बांधल्या आहेत आणि त्यांचा अनुभव चांगला आहे. काट्या डिश आणि एलएनबी यांच्या मध्ये येऊ नयेत, इतके पाहावे.

जुना टीव्ही टाकून देण्याची गरज नाही, हे दुकानदार प्रत्येकाला सांगतोच असे नाही. मागच्या बाजूला पिवळी, पांढरी आणि लाल अशी छिद्रे असतील, तर बॉक्सची तीनपदरी वायर त्यांना रंगाप्रमाणे लावायची आणि टीव्ही एव्ही या इनपुटवर ठेवायचा. एकच ध्वनीचे छिद्र असेल, तरी चित्र आणि आवाज दोन्ही येतात. केवळ अँटेनाची वायर घेणाऱ्या फार जुन्या संचाला मॉड्युलेटर नावाचा वेगळा डबा लागतो. तो मिळाला तरी मी त्यावर पैसे घालणार नाही. बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा आहे ना, हे मात्र विचारून घ्यावे. दुकानांत जुने एमपेग-२ चे बॉक्स थोड्या कमी पैशात अजून विकले जातात आणि एमपेग-४ मधून येणाऱ्या वाहिन्या त्यांवर दिसत नाहीत.

चित्राबद्दल घरातील वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावे लागते. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, चित्र पुसट व्हायचे, पण बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. सिग्नल एका मर्यादेपर्यंत कमी झाला, तरी चित्र काचेसारखे स्वच्छ राहते आणि त्या मर्यादेखाली गेला की चौकोन चौकोन होऊन एकदम थांबते. मुसळधार पावसात हे होणारच, कारण केयू बँड नावाच्या ज्या लहरींच्या पट्ट्यातून हे प्रक्षेपण येते, त्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परतते. त्या वेळी कोणीही छतावर चढून डिश हलवू नये. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडी मिनिटे चित्र जाते. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, त्यात बिघाड काहीच नसतो.

वाहिन्यांबाबत माझे समाधान पूर्ण नाही. सह्याद्री आहे, डीडी स्पोर्ट्स आहे, मे २०१५ पासून सुरू असलेली डीडी किसान आहे, शालेय शिक्षणाच्या वाहिन्या आहेत, आणि टीव्हीवरच आकाशवाणी ऐकण्याची सोय आमच्या आईला सर्वांत आवडली आहे. परंतु खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आज दिसणारी मालिका पुढच्या वर्षी दिसेलच असे सांगता येत नाही. मार्च २०१९ मध्ये झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या लोकप्रिय वाहिन्या फ्री डिशवरून एकदम गेल्या होत्या. मराठी खासगी वाहिन्या हिंदीच्या मानाने फारच थोड्या आहेत. ज्या सेवेचा प्रेक्षक मुख्यत्वे खेड्यात आहे, तिने मराठी प्रेक्षकाला याहून अधिक द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहिन्यांचा क्रम बदलला की बॉक्समध्ये पुन्हा शोध लावावा लागतो. कारागिरासमोर हे काम आपल्या हातांनी एकदा करून पाहावे, म्हणजे त्यासाठी दर वेळी कोणाला बोलवावे लागत नाही.

दुकानाबद्दल दोन तक्रारी आहेत. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळाले नाही, आणि बॉक्सच्या हमीचा कागद बिलावाचून निरुपयोगी असतो. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. एलएनबीच्या जोडणीवर पाणी रोखणारे रबरी टोपण दुकानाने दिलेच नव्हते. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत शिरले, पितळी पेच हिरवा पडला आणि चित्र गेले. कारागीर निरोप मिळताच आला, त्याने वायरीचे टोक कापून नवा पेच लावला आणि त्यावर टोपण चढवले, पण दुकानाने त्याचे वेगळे पैसे घेतले. इतक्या स्वस्त वस्तूवाचून ग्राहकाचा संच बंद पडावा, हे दुकानाच्या व्यवस्थेला शोभणारे नाही. वायर आरजी-६ ची, तांब्याचा गाभा असलेली मागावी आणि घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते.

ज्यांना ठरावीक मराठी मालिका रोज पाहायच्याच आहेत, त्यांनी हा संच घेऊ नये. त्यांना वर्गणीची सेवा घ्यावी लागेल. बाकीच्यांनी काम मृग लागण्याआधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. वादळी पाऊस सुरू झाला की कारागीर दुरुस्तीतच अडकलेले असतात आणि नव्या बसवणीला लवकर येत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊ नये, कारण त्या गर्दीत बॉक्स चालू करून दाखवायला कोणाला सवड नसते. विजा कडाडू लागल्या की बॉक्सचा प्लग काढावाच, शिवाय डिशची वायरही मागून सोडवून ठेवावी. नुसता प्लग काढला, तरी छतावरून येणारी वायर बॉक्समार्फत टीव्हीला जोडलेलीच राहते.