‘असामान्य क्षमता’ विकणाऱ्या सल्लागाराने मला कसे लुबाडले

ईबी-टूच्या, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या, रांगेत वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या अमेरिकेतील मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे, आणि लिहिताना संतापाइतकीच लाजही वाटते आहे. ‘प्रोफाइल बिल्डिंग’ करून, म्हणजे पुरस्कार-प्रसिद्धी जमवून, ईबी-वन-ए (‘असामान्य क्षमता’ असलेल्यांसाठीचा ग्रीन कार्डाचा प्रकार) मिळवून देतो असे सांगणाऱ्या एका सल्लागाराने माझ्याकडून 10,375 डॉलर उकळले. सरकारी शुल्काचे 3,820 डॉलर वेगळे गेले आणि त्याने घालून ठेवलेला घोळ निस्तरण्यासाठी खऱ्या वकिलाला आणखी 4,500 डॉलर मोजावे लागले.

मी हव्यासापोटी यात पडलो, असे कृपया कोणी म्हणू नये. माझी ईबी-टूची प्रायॉरिटी डेट (रांगेत नंबर लागल्याची तारीख) 2016 सालची आहे. कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला हे सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनच्या जानेवारी 2025 च्या अंकात भारतीयांसाठी ईबी-टूची तारीख ऑक्टोबर 2012 वर रेंगाळत होती, तर ईबी-वनची (ईबी-वन-ए याच गटात येते) 1 फेब्रुवारी 2022 होती; म्हणजे ईबी-वन-ए मंजूर झाले की जुनी तारीख लावून ग्रीन कार्डाचा अर्ज लगेच भरता आला असता. मुलगी अकरावीत आहे आणि ती 21 वर्षांची झाली की माझ्या अर्जावरची तिची जागा जाऊ शकते. हे गणित खोटे नव्हते, म्हणूनच तो माणूस खरा वाटला. शिवाय तो भेटला होता आमच्याच मंडळाच्या गणेशोत्सवात, मला ‘दादा’ आणि बायकोला ‘वहिनी’ म्हणत.

पैसे त्याने तुकड्यातुकड्यांनी काढले. करार करताना 4,000 डॉलर, एका ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारा’चे 1,150, माझ्यावरच्या तीन ‘बातम्यां’चे 1,800, एका संघटनेच्या सभासदत्वाचे 425, पुस्तकातील प्रकरणाचे 900 आणि तज्ज्ञांच्या सहा शिफारसपत्रांचे 2,100. यांपैकी पुरस्कार व बातम्यांचे पैसे त्याने पुण्यातील एका चालू खात्यात रुपयांत मागितले, म्हणून वडिलांनी तिथूनच 2,47,800 रुपये भरले. ईबी-वन-एसाठी सरकारच्या दहापैकी तीन निकष पूर्ण व्हायला हवेत हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्याने तर सहा ‘भरून’ दिले होते.

ज्या क्षणी मी उठून जायला हवे होते, तो आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तिसऱ्या शिफारसपत्राचा मसुदा वाचताना पहिल्या परिच्छेदात माझे नाव बाकीच्या मजकुराहून वेगळ्या टायपात दिसले, आणि पुढच्याच पानावर ‘तिने हृदयाच्या प्रतिमांवर केलेले पथदर्शी संशोधन’ असे चक्क लिहिलेले होते. मी बँकांच्या डेटाबेसवर काम करणारा माणूस! विचारले, तर तो हसला आणि म्हणाला, “दादा, साचा एकच असतो, ऑफिसर एवढे वाचत बसत नाहीत.” त्याने दहा मिनिटांत ‘तिने’चे ‘त्याने’ करून पाठवले. ज्यांची सही त्या पत्राखाली होती, त्या प्राध्यापकांशी माझे कधी एक वाक्यही बोलणे झाले नव्हते. पण तोवर 7,000 डॉलरहून अधिक रक्कम गेली होती, कागदपत्रे त्याच्याकडे अडकली होती आणि रोजच्या नोकरीच्या धबडग्यात मी त्याच्या हसण्यावर विश्वास ठेवला. माझ्या जागी कोणीही ठेवला असता, असे मला अजूनही वाटते.

ऑफिसर वाचतात, आणि बारकाईने वाचतात. कझारियन खटल्यातील अमेरिकी न्यायालयाच्या 2010 च्या निकालापासून निकष मोजून झाल्यावर सगळ्या पुराव्यांचे एकत्रित वजन पाहण्याचा दुसरा टप्पा असतो, आणि विकतचा माल तिथेच उघडा पडतो. इमिग्रेशन खात्याकडून मला आलेल्या नॉइडमध्ये (अर्ज नाकारण्याचा इरादा कळवणाऱ्या नोटिशीत) पुरस्कारासाठी शुल्क आकारले जाते, बातम्या पैसे घेऊन छापल्या आहेत आणि पत्रांतील मजकूर इतर अर्जदारांच्या पत्रांशी शब्दशः जुळतो, असे स्पष्ट नमूद होते. उत्तराला मुदत फक्त 30 दिवसांची. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला, तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येते. तिच्यातून सूट मागायची तर जोडीदार किंवा आईवडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. आमच्या घरात असे कोणीही नाही. वकिलांच्या उत्तरामुळे तो ठपका टळला, अर्ज मात्र नाकारला गेला, आणि ते सगळे कागद माझ्या फाइलीत राहिले आहेत.

सहीही फक्त माझीच होती, हे लक्षात घ्या. ‘आमचे ॲटर्नी’ असा जप तो करत असे, पण जी-28 फॉर्म (वकील तुमच्या वतीने काम करतो हे सरकारला कळवणारा) त्याने कधी भरलाच नाही, आणि आय-140 या ईबी-वन-एच्या फॉर्मवरील अर्ज तयार करणाऱ्याचा रकाना कोरा ठेवला. जी-28 दाखवत नाही, त्याला एक डॉलरही देऊ नका. वकिलाचा परवाना ज्या राज्याचा असेल, तिथल्या बारच्या (वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर स्वतः तपासा.

तक्रारीचे तर विचारूच नका. इथल्या पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून मला दारातूनच परत पाठवले. बँक म्हणाली की व्यवहार तुम्हीच मंजूर केलेत. ग्राहक कार्यालयाने त्याची कंपनी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असल्याचे कळवले, आणि त्या दुसऱ्या राज्याने तुम्ही आमचे रहिवासी नाही असे कळवले. वकिलांच्या बारकडे गेलो, तर तो वकीलच नसल्यामुळे त्यांचा अधिकार चालत नाही. म्हणजे परवाना नसणे हेच त्याचे संरक्षण! पुण्यात सत्तरी ओलांडलेले माझे वडील पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसले, तेव्हा साहेब म्हणाले, “काका, पुरस्कार मिळाला ना, बातमी छापून आली ना, मग फसवणूक कसली?” खोटा माल वेळेवर पोहोचवला, तर तो गुन्हाच होत नाही की काय? ज्या सरकारने माझी पत्रे इतरांच्या पत्रांशी ताडून पाहिली, त्याच सरकारला ती पत्रे विकणारा एक माणूस सापडू नये, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

पैसे भारतातल्या खात्यात गेले असतील, तर घरच्यांना लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठले तरच काही हाती लागते. ज्याला पुरस्कार द्यायचा त्याच्याकडूनच शुल्क मागणारा पुरस्कार अर्जात घालू नका. शिफारस करणाऱ्याशी स्वतःच्या ईमेलवरून पत्रव्यवहार करा. आणि तुमचा सल्लागार व्हॉट्सॲपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू करत असेल, तर त्याच दिवशी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडचे त्याचे निम्मे संदेश असेच नाहीसे झाले आहेत.