शिरढोणच्या घराचा ‘कोटा’

कल्याणजवळ शिरढोण आणि खोणीला म्हाडाच्या कोकण मंडळाने प्रधानमंत्री आवास योजनेतली घरं बांधली आहेत. सोडतीत सगळी गेली नाहीत, म्हणून उरलेली घरं ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून खुली केली, जाहिराती दिल्या. पात्र असाल तर ऑनलाइन अर्ज करा, अनामत भरा, घर घ्या. याच घरांचा ‘अधिकारी कोटा’ एकाने आम्हाला साडेतीन लाखांना विकला.

माणूस गोडबोल्या. मेहुण्याच्या ओळखीने आला, वहिनी वहिनी करत चहा प्यायला. हिशेब मात्र चोख. केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं एक लाख अनुदान त्याने घराच्या किमतीतून वजा करून दाखवलं. हे आकडे खरेच आहेत, त्यामुळे पुढचं सगळंही खरंच वाटलं.

साइटवर नेलं, पण जिन्यावर पाय ठेवू दिला नाही. खालूनच बोट केलं, “ते कोपऱ्यातलं तुमचं. किल्ली सोसायटीकडे असते.” त्या इमारतीत अजून एक बिऱ्हाड नव्हतं, सोसायटी कुठली!

आधी टोकन, मग ‘फाइल हलवायला’, मग मुद्रांक शुल्क. बहुतेक रोख. थोडे यूपीआयने, तेही कुणा तिसऱ्याच बाईच्या नावावर. मग देकारपत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं म्हाडाचं पत्र, आलं. बोधचिन्ह, जांभळा गोल शिक्का, खाली झोकदार सही. कर्जासाठी ते बँकेत नेलं तर तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा अर्ज क्रमांक विचारला. “अर्जाची गरज नाही, कोट्यातलं आहे,” असं त्याने सांगितलेलं! खरं देकारपत्र ऑनलाइन, अर्जदाराच्या स्वतःच्या लॉगिनवर येतं. पैसे मंडळाकडेच भरायचे असतात. आणि म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, “आपसातला व्यवहार आहे, मिटवून घ्या.” मिटवू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. चॅट, पावत्या, ते बनावट पत्र, काहीच फाडू नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नंतर ते कुठच्या कुठे पोचतात.

तक्रार दिल्यावर त्याने घाईघाईने चेक आणून दिला. तो वटला नाही. असा चेक परत आला की बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, आणि ती मिळाल्यावर पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस असतात. आमची नोटीस त्याला पोचली आहे.